घरचा नमुना

"आवाज बसलाय बाय माझा. थंडीनं बसलाय," आई म्हणाली होती, आणि दिवस वैशाखाचे होते.

शैलजा तेव्हा सहा वर्षांची. आई अंगणात ज्वारी पाखडत होती आणि पाखडता पाखडता ओवी म्हणत होती. एरवी तिचा आवाज कसा, तर तांब्याच्या कळशीत धार पडावी तसा. त्या सकाळी तो फुटक्या घागरीतून झिरपत होता.

सोनं तावलं मुशीत, ताव उतरंना बाई
गळ्यात गं गळसरी, गळा सांगंना काई

गळा काय सांगत नव्हता, ते शैलजानं आदल्या दिवशी कणगीच्या आडून पाहिलं होतं.

वडील गलाईवाले. येरळाकाठच्या त्या गावांतली निम्मी घरं गलाईचीच. पुरुष मुलूखभर पांगतात, सराफांच्या दुकानांतला केर, धूळ, राख गोळा करतात, मुशीत आटवतात आणि त्यातून सोन्याची कणी काढतात. त्या खेपेला वडील कोइमतूरहून राखेचं एक गाठोडं घरी घेऊन आले होते. आईला वाटलं, चुलीतली राख. तिनं ती उकिरड्यावर नेऊन टाकली आणि वर शेणाची पाटी रिकामी केली. एवढंच झालं. वडील ओरडले नाहीत. मुशीचा चिमटा धरणारे त्यांचे हात आईच्या गळ्यावर बसले. शैलजाला आईचं तोंड दिसलं नाही, टाचा दिसल्या. सारवलेल्या जमिनीवर त्या आपटत होत्या, आधी भराभरा, मग सावकाश, मग एकच. जमिनीला दोन खळगे पडले. सकाळी आईनं ते खळगे शेणानं लिंपून टाकले, सूप घेतलं आणि ओवी धरली.

पुढं त्याच हातांनी वडिलांनी शैलजाला कसोटीचा दगड धरायला शिकवला.

"ही ठाऊक असलेल्या कसाची सळई. हिची रेघ दगडावर वढायची. शेजारी गिऱ्हाइकाच्या सोन्याची रेघ. दोन्ही सारख्या, तर सोनं खरं. आता सांग, सळईच हिणकस असली तर?"

"तर हिणकस सोनंबी खरं दिसंल."

"शाबास. म्हणून वर्सातनं एकदा सळईला दुसरी सळई लावून बघायची. इसरायचं न्हाय."

ती विसरली.

*

२०४३ साली शैलजा देवकर पंचेचाळीस वर्षांची होती आणि तालुक्याच्या रक्त-प्रयोगशाळेत मुख्य तंत्रज्ञ होती. तिच्या हाताखाली एक यंत्र होतं. कंपनीनं त्याचं नाव 'कालरेषा' ठेवलं होतं. बायका त्याला नुसतं 'रेषा' म्हणायच्या, घरातल्या एखाद्या थोरल्या जावेबद्दल बोलावं तसं. रेषा काय म्हणाली? रेषेनं काय सांगितलं?

रेषा काय सांगायची ते सोपं आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूला, घाटीच्या खाली, फुलपाखरासारखी थायरॉइडची ग्रंथी असते. तिच्या आत इवल्या इवल्या बंद कुप्या, आणि कुप्यांत अंगाला ऊब आणि चलनवलन देणारा रस. शरीराच्या पहारेकऱ्यांनी, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी, या कुप्यांच्या आत कधी नीट डोकावलेलं नसतं. कधी कधी या पहारेकऱ्यांची मती फिरते. घरच्यालाच ते चोर समजतात आणि त्याच्यावर प्रतिपिंडं सोडतात. ही प्रतिपिंडं म्हणजे जणू हातच. ते ग्रंथीला धरतात, आणि ती वर्षानुवर्षं झिजत जाते. बाई फुगते, थकते, तिचे केस गळतात, आवाज घोगरा होतो. जुन्या तपासण्या एवढंच सांगायच्या, की रक्तात हे हात आहेत की नाहीत आणि किती आहेत. फार थोडे असले तर त्यांना दिसायचेच नाहीत.

रेषा त्या हातांचं वय सांगायची. नवं प्रतिपिंड सैल धरतं, जुनं घट्ट. यंत्र त्यांच्यावर तीव्र होत जाणारं द्रावण सोडायचं आणि कोण कधी सोडतंय ते बघायचं. मती फिरून झालेल्या आजारात आलेखावर एक लांब, संथ उतार दिसायचा, टेकडीसारखा. पण कुणी गळा दाबला, तर कुप्या एकाएकी फुटतात. आतला माल रक्तात सांडतो, पहारेकरी त्या दिवशी हात सोडतात आणि थांबतात. पुन्हा दाबला, की पुन्हा. असल्या रक्ताच्या आलेखाला उतार नसतो, पायऱ्या असतात. एक पायरी म्हणजे एक दिवस. किती जुना दिवस, तेही कळायचं, वीसेक दिवस इकडेतिकडे.

पायऱ्यांचा कागद कोर्टात चालू लागला, तेव्हा लोकांनी पेढे वाटले. आता बाईला रडून सांगायला नको, रक्तच सांगेल. झालं उलटं. अंगावरच्या खुणा बाई स्वतःही करून घेऊ शकते, साक्षीदार फितूर होतो, पण रक्त खोटं बोलत नाही, असं वकील म्हणू लागले, आणि हळूहळू रक्ताशिवाय दुसऱ्या कशाला कुणी विचारेना. ज्या बाईला पायरी नाही, तिच्या तोंडाला किंमत नाही.

आणि या तालुक्यात तीन वर्षांत एकाही बाईच्या रक्तात पायरी निघाली नव्हती. जिल्ह्यानं तालुक्याला 'पायरीमुक्त' म्हणून गौरवलं होतं. प्रयोगशाळेच्या दारावर तशी पितळी पाटी होती.

*

मयूरी साळुंखे पहिल्यांदा आली ती आईबरोबर, गळ्याला ओढणी गुंडाळून. वय चोवीस. नवरा विक्रांत द्राक्षबागांवर ड्रोननं फवारणी करायचा. तो बाहेर गाडीत बसला होता.

"हिला थायरॉइड हाय म्हणत्यात जावईबापू," आई छबूबाई म्हणाल्या. "आवाज बसलाय. गिळताना दुखतंय."

"कशानं दुखतंय ते तुला सांगितलंय मी."

"तू गप. रक्त सांगंल काय ते."

शैलजानं दंडाला पट्टा बांधला. शीर शोधताना ओढणी सरकली. गळ्याच्या एका बाजूला चार निळे ठिपके, दुसऱ्या बाजूला एक, मोठा. शैलजानं ओढणी परत वर सारली.

"बघितलंत ना, मावशी?" मयूरी हळूच म्हणाली.

"बघितलं. येऊ दे की कागद."

कागद आला. उतार. पायऱ्या नाहीत. थायरॉइडचा आजार, गोळी सुरू करावी.

शैलजानं नमुना पुन्हा लावला. पुन्हा उतारच. विक्रांत आत आला, त्यानं कागद दोन्ही हातांनी धरून, प्रसाद घ्यावा तसा घेतला.

"मी म्हणत होतो ना, सासूबाई? आजारी आहे ती. डोक्यावर पण परिणाम होतो म्हणे यात."

छबूबाई लेकीकडं वळल्या. "एवढं मोठं यंत्र खोटं बोलंल व्हय गं? का सांगितलंस तसलं?"

मयूरीनं शैलजाकडं पाहिलं. शैलजा ट्रेमधल्या नळ्या सारख्या करू लागली.

*

आठव्या दिवशी विक्रांतनं बागेतल्या शेडमध्ये पुन्हा गळा धरला.

मयूरीनं ते शैलजाला सांगितलं तीन आठवड्यांनी, कोर्टाच्या आदेशानं दुसरं रक्त द्यायला आली तेव्हा. सोबत महिला पोलीस होती. छबूबाई नव्हत्या. माहेरचं दार बंद झालं होतं.

"त्यानं कागद खिशातनं काढून माझ्या तोंडापुढं धरला. म्हणाला, वाच. मी वाचला. म्हणाला, मोठ्यानं वाच. पायऱ्या नाहीत, असं म्हटलं. मग म्हणाला, आता कितीही दाबला तरी नाहीतच." ती सांगताना शेजारच्या भिंतीकडं बघत होती. "माझी बांगडी त्याच्या गालात घुसली, मावशी. रक्त माझ्या डोळ्यात पडत होतं, गरम. मला वाटलं, माझंच आहे. मग मला लघवी झाली आणि पुढचं आठवत नाही. तो मला मेलेली समजून गेला. मी वेलींच्या मधनं रांगत रस्त्याला आले. गुडघ्यांची सालं निघाली."

महिला पोलिसानं घसा खाकरला. "महिनाभराचं संरक्षण दिलंय कोर्टानं. सोमवारी तारीख. तो म्हणतो, हिनं स्वतःच फास लावून घेतला. आता ह्या कागदावर हाय सगळं. पायरी निघाली तर तो आत. न्हाय निघाली तर संरक्षण उठलं."

"उठलं की कुठं जाशील?" शैलजानं विचारलं.

"तिथंच. पोरगं त्याच्याकडं आहे माझं. दोन वर्षांचं." मयूरीनं दंड पुढं केला. "घ्या. नीट घ्या हां, मावशी."

कागद आला. उतार.

*

त्याच आठवड्यात कंपनीचे तुलनेचे नमुने आले होते, नव्या प्रकारच्या गारठ्याच्या पेटीतून.

आता तुलनेचा नमुना म्हणजे काय, तर यंत्राची सळई. रोज सकाळी यंत्राला एका निरोगी माणसाचं रक्त दाखवायचं: बाबा रे, निरोगी म्हणजे असं. जे असं दिसेल ते सोडून दे, जे वेगळं दिसेल तेवढं सांग. कंपनीचे असे नमुने बर्फात यायचे आणि येरळाकाठच्या उन्हात वाटेतच वितळून नासायचे. म्हणून तीन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. यास्मिन मुलाणी म्हणाल्या होत्या, "आपण घरचाच नमुना वापरू. कुणाचा घ्यायचा?"

शैलजा रोज सगळ्यांच्या आधी यायची. कधी आजारी नाही, थायरॉइडची जुनी तपासणी लख्ख. "माझं घ्या की," ती म्हणाली होती. फॉर्मवर एक प्रश्न होता: गळ्याला कधी इजा? त्या वेळी तिचा नवरा नंदकुमार डबा द्यायला आला होता आणि डॉक्टरांशी हसत बोलत टेबलाशी उभा होता. शैलजानं लिहिलं, नाही. रजिस्टरात त्या नमुन्याचं नाव पडलं 'घरचा एक'. तेव्हापासून रोज सकाळी ती स्वतःच्या दंडातून थोडं रक्त काढायची आणि यंत्राला शिकवायची: निरोगी म्हणजे मी.

गारठ्याच्या पेटीसमोर उभी असताना तिला एकदम वडिलांचा आवाज ऐकू आला. सळईला सळई लावून बघायची. तीन वर्षांत एकदाही नाही.

तिनं यंत्राची शिकवण पुसली. त्याला कंपनीचा निरोगी नमुना दाखवला. मग मयूरीची नळी आत ठेवली.

पायऱ्या. चार. शेवटची इतकी ताजी की तिची कडही अजून बसली नव्हती.

शैलजानं दुसरी नळी ठेवली. 'घरचा एक'.

पायऱ्या. दोन. पहिली नऊ वर्षं दोन महिन्यांची. दुसरी आठ वर्षं नऊ महिन्यांची.

तिनं दोन्ही तारखा कागदावर उतरवल्या.

नऊ वर्षं दोन महिने. मुगाची खिचडी लावली होती. बैठकीत नंदकुमारच्या गणिताच्या शिकवणीची मुलं बसली होती, आणि तिनं दारातून सहज म्हटलं होतं, "अहो, चिन्ह चुकलंय." मुलं खुदकन हसली. मुलं गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला, तिला ओट्याला टेकवलं आणि एका हातानं गळा धरला. दुसरा हात त्यानं खिशात ठेवला होता, हे तिला अजून आठवत होतं. कुकरची एक शिट्टी झाली. दुसरी झाली. डोळ्यांपुढं काळे मुंगळे धावू लागले. तिसरी झाली तेव्हा त्यानं हात काढला, गॅस बंद केला आणि म्हणाला, "वाढ. मुगाला तीनच लागतात." दुसऱ्या खेपेला ती बॅग भरत होती. त्यानंतर नऊ वर्षं त्यानं तिला बोट लावलं नाही. उलट केसांना तेल लावून दिलं, सकाळचा चहा करून दिला, तापात रात्री जागला.

आणि तिनं तीन वर्षं रोज सकाळी दंडातून ते दोन दिवस उपसले होते आणि तालुक्यातल्या बाराशे बायकांच्या रक्तावर ओतले होते. जिथं जिथं पायरी होती, तिथं तिथं यंत्र म्हणालं होतं: हे तर शैलजासारखंच. म्हणजे निरोगी. पायऱ्या वगळल्या की कागदावर उरायचा तो नुसता उतार.

*

डॉ. मुलाणींनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले.

"घरचा एक म्हणजे तूच ना, शैला?"

"यंत्रात बिघाड असेल, मॅडम. नमुना नासला असेल."

"असेल." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "सोमवारी मी कोर्टात सांगू शकते, की आमचा नमुना नासका होता. मग विक्रांतचा वकील काय म्हणेल? तीन वर्षं चुकलात, तर आजचा चार पायऱ्यांचा कागद बरोबर कशावरून? रेषाच मोडीत निघेल. कागद गेला की मयूरीच्या हातात काय राहिलं?"

"मग?"

"मग एकच गोष्ट उरते. त्या नमुन्यातल्या दोन पायऱ्या खऱ्या होत्या, हे कुणीतरी उभं राहून सांगायचं. कुठला दिवस, कुणाचा हात. यंत्रानं काढलेली तारीख आणि माणसाची तारीख जुळली, तर यंत्र खरं, आणि मयूरी पण खरी." त्यांनी आलेख शैलजाकडं सरकवले. "मी विचारणार नाही तुला. माझ्या मोठ्या बहिणीला मी कधी विचारलं नाही, आणि ती नवऱ्याच्या हातून गेली, तुला ठाऊक आहे. पण तुलाही मी विचारणार नाही. मला ते जमत नाही."

*

रविवारी दुपारी नंदकुमार ओट्याशी आलं किसत होता. मुलगी जान्हवी खो-खोच्या सरावाला गेली होती. सतराची होती ती. बापाच्या खांद्याला खांदा लावून चालायची आणि बापासारखीच मान तिरकी करून हसायची.

शैलजानं त्याला सगळं सांगितलं. पाठीकडं बघून सांगितलं, म्हणून सांगता आलं.

किसणी थांबली. "नासका होता म्हण की. नाव कशाला पाहिजे?"

"नाव नसलं तर त्या पोरीला परत त्याच घरात जावं लागेल."

"तिचा नवरा राक्षस आहे. मी आहे का?" तो वळला. डोळ्यांत खरंच पाणी होतं. "नऊ वर्षं, शैला. मी माणूस झालो. रोज सकाळी उठून झालो. ती नऊ वर्षं दिसतात का तुझ्या यंत्रात? का त्याला फक्त दोनच दिवस दिसतात माझे?"

तिला त्याच्या हातचा चहा आठवला, तापातली ओली पट्टी आठवली. ती कदाचित तिथंच थांबली असती.

"नाही दिसत," ती म्हणाली. "तेही सांगेन मी उद्या. नऊ वर्षं चांगलं वागलात, तेही."

"पोरीसमोर? शाळेसमोर?"

"त्या दोन पायऱ्या कुणी तरी..."

हात आला. एकच, तोच, उजवा. आल्याच्या वासाचा. तिची पाठ मांडणीवर आपटली, डबे कोसळले, डाळ फरशीवर सांडली, आणि त्या डाळीवर तिच्या टाचा घसरू लागल्या. तिनं त्या टाचांचा आवाज ऐकला. तो आवाज ती ओळखत होती. कुणीतरी कणगीच्या आडून बघतंय असं तिला वाटलं. काळे मुंगळे आले. नऊ वर्षं ते भिंतीतच बसून होते, वाट बघत. हात मागं चाचपत गेला, त्याला लोखंडी बत्ता लागला, आणि तिनं तो फिरवला.

पहिला घाव त्याच्या मनगटावर बसला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. दुसरा कोपरावर. तिसऱ्याला तिनं बत्ता वर उचलला, थेट त्याच्या कपाळावर नेम धरून, आणि तो तसाच वर राहिला. कारण नंदकुमार डाळीत बसला होता आणि हात पोटाशी धरून लहान मुलासारखा हुंदका देत होता, आणि तिला कळलं, की तिला तो तिसरा घाव घालायचा आहे, अगदी मनापासून घालायचा आहे. त्या इच्छेचीच तिला जास्त भीती वाटली. तिनं बत्ता खाली ठेवला.

दार वाजलं. जान्हवी गुडघ्यांना माती लागलेली, दारात.

"बाबा? काय झालं?"

"घसरलो गं. डाळ सांडली होती," नंदकुमार म्हणाला.

जान्हवीनं आईकडं पाहिलं. "आई, तुझा गळा लाल का झालाय?"

शैलजानं तोंड उघडलं. आत शब्द होता. पण बाहेर आला तो वेगळाच, फाटका, फुटक्या घागरीतला.

"उकाडा आहे ना. खाजवलं."

पोरीनं बापाचं मनगट दोरीवरच्या ओढणीनं बांधलं, आणि बांधता बांधता आईकडं अशी बघत राहिली, की जणू म्हणत होती, एवढं साधं कसं कळलं नाही तुला, डाळ सांडल्यावर झाडून घ्यायची असते.

*

सोमवारी कोर्टात शैलजा पोहोचली तेव्हा तिसऱ्या बाकावर नंदकुमार बसलेला होता. हाताला प्लास्टर, अंगात इस्त्रीचा सदरा. आणि शेजारी जान्हवी. तो शैलजाकडं बघून हसला नाही, धमकीही नाही. त्यानं फक्त डावा हात पोरीच्या खांद्यावर ठेवला. आईच्या पगाराची आणि डोक्याची बढाई मारणारी ती पोर, आईचं काम बघायला आली होती. बाबांनी मुद्दाम आणली होती.

पुढच्या बाकावर मयूरी. तिच्या मागं दोन हातांवर विक्रांत, गालावर बांगडीचा वण, मांडीवर दोन वर्षांचं पोरगं. पोरगं आईकडं हात पसरत होतं आणि तो त्याला सावकाश, मायेनं, पाठीमागं ओढत होता. छबूबाई जावयाच्या बाजूला बसल्या होत्या, पदर तोंडात धरून.

डॉ. मुलाणींनी नवा आलेख मांडला. विक्रांतचा वकील उठला, आणि डॉक्टर म्हणाल्या होत्या अगदी तेच म्हणाला.

"साहेब, आधी दोन कागद, दोन्हींत उतार. आता एकाएकी चार पायऱ्या. कारण काय, तर म्हणे तुलनेचा नमुना सदोष होता. कसा सदोष होता, ते मात्र सांगता येत नाही. ज्या यंत्राला निरोगी कोण हे तीन वर्षं कळलं नाही, त्याच्या शब्दावर एका संसाराची वाट लावायची का?"

न्यायाधीश वयस्कर होते, थकलेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्या नमुन्याची जबाबदारी कुणाची?"

"माझी," शैलजा म्हणाली, पण कुणाला ऐकू गेलं नाही.

ती साक्षीच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. लाकडी कठडा हाताला गार लागला. समोर दोन चेहरे होते. एक मयूरीचा. ती आता शैलजाकडं बघतही नव्हती, तिनं पोराकडं डोळे लावले होते, बस सुटायच्या आधी बघून घ्यावं तसे. आणि एक जान्हवीचा, मान तिरकी, ओठांवर बापाचं हसू, अजून आख्खं.

"तुमचं नाव?"

"शैलजा नंदकुमार देवकर." शब्द घशात खरवडत आले.

"मोठ्यानं बोला. तो नमुना सदोष होता, हे खरं आहे का?"

"खरं आहे, साहेब."

"कशामुळं?"

तिनं गिळलं. दुखलं. हात आपोआप गळ्याशी गेला, गळसरीच्या मण्यांवर. शिपायानं पाण्याचा ग्लास पुढं केला. न्यायाधीशांचा स्वर जरा मऊ झाला.

"घाबरू नका, बाई. आवाज बसलाय का तुमचा? थंडी बाधली?"

दालनात पंखा फिरत होता. कुठंतरी कुणीतरी ज्वारी पाखडत होतं. शैलजानं मानेवरचा पदर खाली ओढला, गळसरी एका हातानं बाजूला धरली, म्हणजे खालचं नीट दिसावं, आणि पोरीकडं बघत म्हणाली,

"नाही, साहेब. थंडीनं नाही. काल दुपारी माझा गळा दाबला. नऊ वर्षांपूर्वी असाच दाबला होता, मुगाची खिचडी लावली होती तेव्हा, तीन शिट्ट्या होईपर्यंत. त्यानंतर पाच महिन्यांनी परत. यंत्रानं तारखा काढल्यात, ताडून बघा. नमुना नासलेला नव्हता. तो माझा होता, आणि मी तो निरोगी म्हणून दिला. हात माझ्या नवऱ्याचा. ते तिथं बसलेत, प्लास्टर घालून. त्यांच्या शेजारी माझी मुलगी आहे. जानू, काल मी तुझ्याशी खोटं बोलले."